निळे पंख, नवा भुंगा: कार्टिएच्या एका ब्रोचचा प्रकरण अभ्यास

१९२४ साली कार्टिए या पॅरिसच्या जवाहिऱ्यांच्या लंडन शाखेत एक ब्रोच तयार झाला. मधोमध धुरकट तपकिरी स्फटिकात कोरलेला भुंगा. त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले निळे पंख. सगळ्याला सांधणारं प्लॅटिनम, त्यावर हिऱ्यांच्या बारीक रांगा आणि पाचूचे घुमटाकार खडे. भुंगा नवा, धातूकाम नवं. पंख मात्र तेव्हाच दोन हजारांहून जास्त वर्षांचे होते. इजिप्तमध्ये कुणाच्या तरी ममीवर शिवण्यासाठी ते केलेले होते.

हाताने दागिने घडवणाऱ्या आणि इजिप्तच्या वाटेला जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हा ब्रोच नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. 'इजिप्शियन स्टाइल' म्हणून आज बाजारात जे मिळतं ते बहुतेक पितळेचं ओतकाम असतं. अंख हे जीवनाचं चिन्ह, होरस देवाचा डोळा, नेफर्टिटी राणीचा चेहरा, आणि खोलगट भागात भरलेलं निळं इनॅमल. चिन्हं सगळी बरोबर असतात, तरी वस्तू इजिप्तची वाटत नाही. कार्टिएचा ब्रोच वाटतो. हिऱ्यांची पांढरी किनार प्राचीन इजिप्तच्या एकाही दागिन्यात सापडणार नाही, तरीही वाटतो. ते कशामुळे, आणि त्यातलं आज आपण काय घ्यावं, काय घेऊ नये, एवढंच मला इथे तपासायचं आहे.

वेड आधीचं, थडगं नंतरचं

४ नोव्हेंबर १९२२ रोजी इजिप्तमधल्या राजांच्या खोऱ्यात उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांना तुतानखामुन या राजाच्या थडग्याची पहिली पायरी लागली. पुढच्या वर्षभरात युरोप-अमेरिकेत कपडे, पर्सा, सिनेमागृहांचे दर्शनी भाग, बिस्किटांचे डबे, सगळ्यांवर इजिप्त उमटलं. जानेवारी १९२४ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने कार्टिएच्या इजिप्शियन दागिन्यांवर एक पानच दिलं. हजारो वर्षांचे तुकडे नव्या दागिन्यांत कसे बसवलेत, हे त्यात चित्रांसह दाखवलं होतं.

म्हणून हा ब्रोच तुतानखामुनच्या दागिन्यांवरून बेतला असेल असं सहज वाटतं. पण तारखा जुळत नाहीत. राजाचा तो जगप्रसिद्ध सोन्याचा मुखवटा ऑक्टोबर १९२५ मध्ये उजेडात आला. ममीच्या अंगावरचे दागिने त्यानंतर. खजिन्याच्या खोलीतलं काम तर १९२६ च्या शरद ऋतूत सुरू झालं. १९२४ मध्ये लंडनच्या कारागिरांसमोर यातलं काहीही नव्हतं.

मग होतं काय? लुई कार्टिएचा ग्रंथसंग्रह होता. नेपोलियनच्या स्वारीबरोबर गेलेल्या विद्वानांनी काढलेली इजिप्तची भव्य चित्रं होती. ओवेन जोन्सचा १८५६ चा नक्षीकोश होता. पॅरिसमध्ये लूव्ह्र संग्रहालय हाकेच्या अंतरावर होतं. त्यामुळे कार्टिएच्या रेखाटनांत इजिप्त १९२२ च्या आधीपासूनच येत होता. थडगं सापडलं तेव्हा गिऱ्हाईक अचानक वाढलं, पण अभ्यास आधी झालेला होता. माझ्या मते त्या दागिन्यांच्या दर्जाचं अर्धं रहस्य इथेच आहे. लाट आल्यावर धावाधाव करणाऱ्याच्या हातून चिन्हं चिकटवण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या साठ्याची. कार्टिएकडे जुन्या, सुट्या, मोडक्या वस्तूंचा एक साठा असे. पॅरिसच्या पुराणवस्तू व्यापाऱ्यांकडून घेतलेले इजिप्शियन ताईत, चिनी जेडचे तुकडे, इराणी लघुचित्रं, भारतातून आलेले कोरीव पाचू आणि माणकं. यातलं काहीतरी समोर ठेवायचं आणि त्याच्याभोवती दागिना रचायचा. जाक कार्टिए १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी भारतात आला होता, त्यानंतर आपल्याकडच्या कोरीव रत्नांच्या पानाफुलांतून त्यांचे रंगीबेरंगी हार निघाले. रीत तीच. फरक एकच की भारतीय पाचू दागिन्यासाठीच कोरलेला होता. इजिप्तचे पंख तसे नव्हते.

हे पंख मुळात कशासाठी होते

शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेणारा भुंगा आपल्याकडेही माळरानावर दिसतो. इजिप्तच्या लोकांनी त्या गोळ्यात सूर्य पाहिला. रोज पहाटे सूर्याला क्षितिजावर ढकलून आणणारा देव खेप्री, त्याचं रूप भुंग्याचं. गोळ्यातून नवे भुंगे बाहेर पडताना दिसत, त्यामुळे हा जीव आपला आपण जन्मतो अशी समजूत झाली. मेल्यावर पुन्हा उठायचं असेल तर सोबत भुंगा हवाच.

इसवी सनापूर्वी साधारण सातशेच्या आसपास, म्हणजे इजिप्तच्या उत्तरकाळात, ममीवर नळीसारख्या निळ्या मण्यांची विणलेली जाळी पांघरण्याची पद्धत रुळली. या जाळीवर छातीच्या जागी पंखवाला भुंगा शिवत. त्याचे तीन भाग असत, मधला भुंगा आणि दोन सुटे पंख. तिन्ही साच्यात दाबून केलेले. प्रत्येकाच्या कडेला बारीक भोकं, दोरा ओवण्यासाठी. भुंग्याच्या खाली होरसचे चार पुत्र बहुधा त्याच निळ्या रंगात येत.

ही भोकं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

कार्टिएच्या रेखाटनकाराने त्यातले दोन पंख घेतले आणि मधली जागा नव्या भुंग्याने भरली. रचना मात्र मोडली नाही. तीन भाग, मधला जड आणि फुगीर, बाजूचे सपाट आणि पसरट, सगळं समोरून बघण्यासाठी. या तीन भागांच्या ठेवणीतच इजिप्त आहे. ती तशीच राहिल्यामुळे किनारीला हिरे आले तरी वस्तू आपल्या मुळाला धरून राहिली. याच घराण्याच्या दुसऱ्या एका ब्रोचमध्ये सेखमेट या सिंहमुखी देवीचं छोटं निळं मुख घेऊन त्यामागे लाजवर्द या निळ्या दगडाचं आकाश आणि हिऱ्यांच्या चांदण्या बसवल्या आहेत. तो देखणा आहे, पण त्याची पंख्यासारखी मांडणी पॅरिसची आहे. पंखवाल्या भुंग्याचा ब्रोच मला त्याहून पक्का वाटतो तो याचसाठी.

निळा कुठून येतो

पंखांचं द्रव्य फेयन्स. त्याला मातीकाम म्हणतात खरं, पण त्यात माती जवळजवळ नसते. गारगोटीची किंवा वाळूची बारीक पूड, थोडा चुना, नेट्रॉन नावाचा नैसर्गिक सोडा किंवा वनस्पतींची क्षारयुक्त राख, आणि रंगासाठी तांब्याचं संयुग. एवढंच. पाण्यात मळलं की भुसभुशीत गोळा होतो. चाकावर चढत नाही, ताणला तर तुटतो. म्हणून इजिप्तचे कारागीर तो साच्यात दाबत. इजिप्तमधल्या तेल एल-अमार्ना इथे पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला १८९१-९२ च्या उत्खननात असे मातीचे साचे हजारोंनी मिळाले. द्राक्षांचे घड, कमळाच्या पाकळ्या, बेस देव, अंगठ्यांचे माथे. एकेक साचा अंगठ्याएवढा, आतली नक्षी खोल आणि स्वच्छ.

या द्रव्याची खरी करामत वाळताना घडते. ओल्या तुकड्यातलं पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जातं आणि येताना विरघळलेला सोडा बरोबर आणतं. पाणी जातं, सोडा वर राहतो. थोड्या वेळाने तुकड्यावर पांढरी, पिठूळ, किंचित खरखरीत साय धरते. भट्टीत हीच साय गारगोटीशी आणि तांब्याशी मिळून वितळते आणि काचेचा थर होते. वेगळं ग्लेझ लावावं लागत नाही, तुकडा आपलं ग्लेझ आपणच वर आणतो. जिथे बोट लागलं तिथली साय पुसली जाते आणि भाजल्यावर तेवढीच जागा कोरडी, फिकट राहते. जुन्या ताइतांच्या पाठीवर असे फिके डाग दिसतात. तिथे तुकडा कशावर तरी टेकलेला होता.

ग्लेझ चढवण्याच्या आणखी दोन रीती होत्या. एकीत ओलं ग्लेझ लावायचं. दुसरीत तुकडा क्षारयुक्त पुडीत पुरून भाजायचा. ही पुडीची रीत इराणमधल्या कोम शहरात विसाव्या शतकापर्यंत जिवंत होती. गाढवांच्या गळ्यात बांधायचे निळे मणी तिथे तसे भाजत, आणि १९६० च्या दशकात संशोधकांनी ती पद्धत पाहून नोंदवली. थंड झाल्यावर पूड चुरायची आणि आतून चकचकीत निळे मणी काढायचे.

फेयन्सला कुणी स्वस्तातला फिरोजा म्हटलं की मला राहवत नाही. सक्कारा इथे जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालच्या दालनांत इसवी सनापूर्वी साडेसव्वीसशेच्या सुमारास सुमारे ३६,००० निळ्या फेयन्स फरशा बसवल्या होत्या. राजाच्या दफनदालनांना कुणी नकली माल लावत नाही. त्यांना हवी होती ती चमक. ती सूर्याची, नव्या पालवीची, पुन्हा जगण्याची खूण होती. ती फिरोजातून आली काय आणि गारगोटीतून आली काय, खूण तीच.

जुन्या पंखाला नवी किनार

आता सोनाराच्या बाजूने पाहू. फेयन्सचा पंख हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा हलका लागतो, कारण आतला गाभा सच्छिद्र असतो. वर काचेचा पातळ थर. असा तुकडा कोंदणात बसवणं जोखमीचं. खड्यावर धातूची कड दाबत नेतो तशी इथे दाबली तर ग्लेझचा टवका उडतो. शिवाय साच्यातून काढताना, वाळताना, भट्टीत, प्रत्येक वेळी तुकडा थोडा वाकतो. त्यामुळे डावा आणि उजवा पंख लांबून आरशातल्या प्रतिबिंबासारखे दिसले तरी मोजायला गेलं की जमत नाहीत.

म्हणजे असा पंख आधी, आकृती नंतर, धातू शेवटी. तयार साच्यात धातू ओतून त्यात पंख बसवता येत नाही. प्रत्येक पंखाच्या कडेचा माग काढून पट्टी वाकवावी लागते. हे काम हातानेच होतं, आज लेझर मशीन शेजारी असलं तरी. प्लॅटिनम इथे उपयोगी पडतं, कारण ते ताठ असतं. पातळ पट्टी आणि अगदी बारीक नखंही आकार धरून ठेवतात, त्यामुळे पंखावर जोर न देता त्याला चौकटीत धरता येतं. मात्र ते वितळायला जवळजवळ १,७६८ अंश सेल्सियस लागतात. म्हणून सगळं झाळकाम पूर्ण झाल्यावरच पंख आत जातो, त्यानंतर ज्योत जवळ आणायची नाही.

भुंग्यासाठी धुरकट स्फटिक निवडला हा निर्णय मला फार आवडतो. पंख अपारदर्शक आहेत, उजेड त्यांच्यावर थांबतो. स्फटिकात तो आत शिरतो. त्यामुळे मधला भाग वेगळा जिवंत वाटतो आणि नवं-जुनं यांतला फरक लपवला जात नाही. भुंगाही फेयन्सचाच, जुन्यासारखा दिसेल असा केला असता तर ती बनवाबनवी झाली असती.

इथे एक विलक्षण योगायोग आहे. तुतानखामुनच्या खजिन्याच्या खोलीत नंतर एक पदक सापडलं. त्याच्या मध्यभागी पंख पसरलेला, पिवळट हिरवा, अर्धपारदर्शक भुंगा आहे. कार्टरला तो कॅल्सेडनी या दगडाचा वाटला. १९९० च्या दशकात तपासणीत कळलं की ती लिबियाच्या वाळवंटातली नैसर्गिक काच आहे, सुमारे २.९ कोटी वर्षांपूर्वी तयार झालेली. म्हणजे उजेड आरपार घेणारा भुंगा आणि उजेड अडवणारे पंख, ही जोडी राजाच्या सोनाराने इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात केली होती, आणि ती न पाहता लंडनच्या कारागिराने १९२४ मध्ये पुन्हा केली. रचना खोलवर समजली की असं घडू शकतं.

पण राजाच्या सोनाराची आणि कार्टिएची घडण एका बाबतीत साफ वेगळी आहे. ती समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल, इजिप्तमधल्या लाहूनला. १९१४ साली गाय ब्रंटन आणि पेट्री यांना तिथे सिथाथोरयुनेत या राजकन्येचे दागिने मिळाले. चोरांनी थडगं धुऊन नेलं होतं, पण भिंतीतल्या एका कोनाड्यात चिखलाखाली गाडलेल्या पेट्या त्यांना दिसल्या नाहीत. त्यातलं पदक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. रुंदी ८.२ सेंटीमीटर, आणि त्यात कार्नेलियन (लाल अकीक), लाजवर्द, फिरोजा आणि गार्नेट यांचे ३७२ तुकडे. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या झाळून आधी खाचा केल्या. मग प्रत्येक खाचेच्या मापाने दगड घासला आणि आत बसवला. हातात पोलाद नव्हतं. तांब्याची हत्यारं, चकमक आणि गारगोटीची रेती. ज्योतीला वारा फुंकणीने, तोंडाने.

आपल्याकडच्या कुंदनकामात खडा आधी असतो आणि शुद्ध सोन्याचा पत्रा त्याच्याभोवती दाबत नेतात, सोनं खड्याचं ऐकतं. लाहूनमध्ये उलटं आहे. सोन्याने रेघ आखली आणि दगडाने ती पाळली. ही सोन्याची रेघ म्हणजेच चित्राची रेघ. बहिरी ससाण्याचं पीस, भुंग्याचा पाय, राजाच्या नावाची चौकट, सगळं त्या रेघेतून वाचता येतं. पदकाच्या पाठीमागे, जिथे दगड नाहीत, तिथे तेच चित्र सोन्यावर पुन्हा कोरलं आहे. ते फक्त अंगाला लागणार होतं.

कार्टिएच्या ब्रोचमध्ये रेघ पंखांच्या बाहेर आहे. पंखांच्या आतली पिसं साच्यातून आलेली आहेत आणि धातू त्यांच्या कडेला थांबतो. चौकट आणि चित्र वेगळे झाले. हा दोष नाही, पण आपण यातून शिकायला बसलो तर हे माहीत असलं पाहिजे की तो ब्रोच इजिप्तच्या वस्तूला आदराने मांडतो, इजिप्तच्या पद्धतीने घडवत नाही.

जे घेऊ नये

फेब्रुवारी १९२४ मध्ये, लंडनच्या त्या सचित्र पानानंतर थोड्याच दिवसांत, कैरोत मोठा वाद पेटला होता. इजिप्त १९२२ मध्ये, अपुऱ्या अर्थाने का होईना, स्वतंत्र झाला होता. तुतानखामुनचं सगळं सामान देशातच राहणार, ही भूमिका तिथल्या सरकारने घेतली. शवपेटीचं झाकण उचलल्यावर दुसऱ्याच दिवशी कार्टरने काम बंद पाडलं आणि सरकारने थडग्याला कुलूप लावलं. शेवटी राजाचे दागिने कैरोतच राहिले.

त्याच वेळी नाव नसलेल्या माणसांच्या ममींवरचे पंख, ताईत, मणी पॅरिस-लंडनला विकले जात होते, आणि त्यावर कुठेही वाद नव्हता. कायद्याने ते बहुतेक वैधच होतं. इजिप्तमध्ये परवानाधारक व्यापारी होते. कैरोच्या संग्रहालयातसुद्धा १९७९ पर्यंत विक्रीची खोली चालू होती. कार्टिएने चोरी केली असं कुणी म्हणू शकणार नाही. पण किंमत मोजली गेली ती वेगळ्या ठिकाणी. मण्यांची जाळी उसवल्याशिवाय पंख सुटा होत नाही. तो सुटला की कुणाच्या छातीवर होता, कोणत्या गावी, सोबत कोण पुरलं होतं, हे सगळं पुसलं जातं. ब्रोचमधल्या पंखांचं आज आपल्याला काय कळतं? रंग, साचा आणि साधारण काळ. ज्याच्यासाठी ते केले होते त्याचं काहीच नाही.

१९८३ च्या कायद्याने इजिप्तमध्ये पुराणवस्तूंचा व्यापार बंद झाला. भारतातही १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची नोंदणी आणि निर्यात त्याच्या कक्षेत येते. आपल्याकडे शिवराईची पेंडंटं आवडीने घालतात. प्रतिकृती असेल तर काहीच प्रश्न नाही, पण खऱ्या शिवराईला भोक पाडलं की नाण्याची कड आणि अक्षरं कायमची जातात. हा मुद्दा आपल्यापासून लांबचा नाही. इंटरनेटवर आजही 'अस्सल प्राचीन इजिप्शियन मणी' म्हणून माळा मिळतात. त्यातल्या पुष्कळ नव्या असतात, आणि ज्या खऱ्या असतील त्या तर मुळीच घेऊ नयेत. दागिना घडवणाऱ्याने ही वाट आपल्यापुरती बंद करावी, एवढं मी ठामपणे म्हणेन.

मग आज हाताने करायचं तर

पंख नवे करायचे. ते अवघड नाही, फक्त धीर लागतो.

स्टुडिओत चालणारं मिश्रण असं असतं: चाळीस भाग फेल्डस्पार, वीस भाग गारगोटीची पूड, पंधरा भाग चिनी माती, पाच भाग चिकट बॉल क्ले, आठ भाग बारीक पांढरी वाळू, पाच भाग खडूची पूड, आणि खाण्याचा व धुण्याचा सोडा प्रत्येकी सहा भाग. निळ्यासाठी वर दोनेक टक्के कॉपर कार्बोनेट. प्राचीन मिश्रणात इतकी माती नसे, पण थोड्या मातीमुळे गोळा हाताळता येतो. कोरडी पूड मिसळताना चांगला मास्क लावाच. गारगोटीची धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही, आणि तांब्याची पूडही पोटात जाऊ नये.

साचा भाजलेल्या मातीचा किंवा प्लास्टरचा. पिसांच्या रेघा लागतात त्याहून खोल कोरा, कारण ग्लेझ वितळून खाचांत उतरतं आणि उथळ रेघ बुजते. पंख साच्यातून काढला की लगेच, ओला असतानाच, कडेची भोकं पाडा आणि दर्शनी बाजू वर करून जाळीवर ठेवा. मग त्याला हात लावू नका. साय धरू द्या. हवा खेळती हवी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम काढलं तर वाळण्याला भरपूर वेळ द्यावा लागेल. भट्टीत उचलताना फक्त कडांना किंवा खालून पत्र्याने. मणी असतील तर नायक्रोमच्या तारेवर ओवून टांगतात, पंख मात्र पाठीवर टेकवायचा, कारण पाठ तशीही दिसणार नाही. साधारण ९०० ते ९५० अंशांत मिश्रणानुसार ग्लेझ होतं. पहिल्यांदा छोटे तुकडे भाजून आपल्या भट्टीचा स्वभाव बघून घ्यावा.

भाजून झाल्यावरच चौकटीचं माप घ्यायचं, आधी नाही.

आणि आता ती भोकं. इजिप्तने हा पंख कोंदणात दाबलाच नव्हता, शिवला होता. आपणही शिवावा. चांदीची चौकट करायची, तिच्या आतल्या कडेला पंखाच्या भोकांसमोर बारीक कड्या झाळायच्या, आणि मेण लावलेल्या तागाच्या दोऱ्याने किंवा मऊ शुद्ध चांदीच्या तारेने पंख तिला बांधायचा. ग्लेझवर दाब शून्य. पंख फुटला तर टाका उसवून दुसरा बसवता येतो. टाके दिसतील, दिसू द्यावेत. कार्टिएच्या काळात सांधे लपवण्यात कसब मानलं जाई. पण इथे टाका हाच मुळातला भाग आहे, आणि माझ्या नजरेला तो हिऱ्यांच्या रांगेपेक्षा या पंखाला जास्त शोभतो.

भुंग्यासाठी स्फटिक घेतला तर कोरण्याचं काम जाणकाराकडे द्यावं. खंबायतला अकीक आणि स्फटिकाचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे, जयपूरलाही उत्तम कोरणारे आहेत. त्यांना फोटो पाठवून भागत नाही. मातीचा नमुना करून द्या, बाजूने उंची किती आणि पायांच्या रेघा कुठे संपतात हे बोटाला कळलं पाहिजे. लाल रंग हवा असेल तर कार्नेलियनचा भुंगा करा. इजिप्तच्या मूळ त्रयीत निळा, हिरवा आणि लाल सोन्याच्या रेघेत एकत्र येतात, आणि निळ्या पंखांत लाल भुंगा ही जोडी डोळ्याला लगेच पटते.

चिन्हांच्या बाबतीत एकच पथ्य. हायरोग्लिफ अक्षरं नक्षी म्हणून विखरू नका. कैरोतल्या खान एल-खलिलीच्या बाजारात गिऱ्हाइकाचं नाव चौकटीत लिहून देतात, ते निदान वाचता येतं. उलटसुलट चिकटवलेली अक्षरं वाचणाऱ्याला निरर्थक शब्द दाखवतात. इजिप्तच्याच अझ्झा फहमी १९६९ पासून याच बाजारातल्या जुन्या उस्तादांकडे शिकल्या, आणि त्यांच्या दागिन्यांत मजकूर असतो तिथे तो खरोखर काही सांगतो.

ब्रोचच्या मागे पिन मध्याच्या थोडी वर लावा, नाहीतर पंखांच्या वजनाने तो पुढे झुकतो. साडीच्या पदरावर लावायचा असेल तर दोन पिना दोन पंखांमागे द्या, एका पिनेवर रेशीम ओढलं जातं. फेयन्स हलकं असल्यामुळे मोठा ब्रोचही पदर पेलतो, एवढ्याच मापाचा दगड असता तर जमलं नसतं.

विकताना कार्डावर 'फेयन्स, हातघडणीचं, नवं' असं स्पष्ट लिहावं, 'टर्कॉइज' लिहू नये. आणि गिऱ्हाइकाला एक गोष्ट तोंडी सांगावी, कारण आपल्या घरांत चांदी काळवंडली की हात आपोआप चिंचेकडे किंवा लिंबाकडे जातो. हे ग्लेझ सोड्याचं आहे, आंबटाने ते मंद होतं आणि एकदा गेलेली चमक परत येत नाही. चांदीची चौकट कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, पंखांना पाण्यात बुडवायचं नाही, आणि अत्तर-स्प्रे आधी मारून, वाळल्यावर मग ब्रोच लावायचा. गाभा सच्छिद्र आहे, भोकांतून आणि पाठीतून तो ओल शोषतो.